आधुनिक रेट्रो मोटरसायकल पुण्यात चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अडीच वर्षांपूर्वी साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची, दिसायला जुनी आणि आतून नवी अशी गाडी घेतली. तेव्हापासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपाच्या रांगेत आणि फोनवरच्या मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येतात. एकदाच लिहून ठेवलेलं बरं. माझ्या गाडीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. नाव सांगितलं की निम्मे लोक अभिनंदन करतात, निम्मे भांडायला येतात आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. त्यामुळे अनुभव माझ्या गाडीचे, आणि आकडे लागतील तिथे बाजारातल्या गाड्यांचे, नावानिशी.

१. रेट्रो म्हणजे जुनीच बुलेट नवा रंग लावून विकतात का?

नाही. गोल हेडलाइट, थेंबासारखी टाकी, लांब मडगार्ड, एवढं रूप जुनं. आत फ्युएल इंजेक्शन आहे, बहुतेक गाड्यांच्या दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आहे (१२५ सीसीच्या वरच्या सगळ्याच नव्या गाड्यांना ते २०१९ पासून सक्तीचं आहे). सगळ्यात मोठा फरक मात्र डोळ्यांना दिसत नाही. रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या इंजिनासह आली, त्यात बॅलन्सर शाफ्ट आहे. एकच मोठा पिस्टन वर-खाली होताना जो हिसका बसतो, तो हा उलट फिरणारा वजनदार दांडा बराचसा खाऊन टाकतो. आधीच्या इंजिनात तो नव्हता. जुन्या बुलेटच्या आरशात मागून बस येतेय एवढं कळायचं, कुठली येतेय ते कळायचं नाही. आता पाटीसुद्धा वाचता येते.

२. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये चालवायला कशी वाटते? खरं सांगा.

खरं म्हणजे दोन उत्तरं आहेत.

सकाळी साडेनऊला कोथरूडहून डेक्कनकडे निघालं की नळ स्टॉपपर्यंत वेग पंचविशीच्या वर जात नाही. अशा वेळी ही गाडी शोभते. दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये, ॲक्सिलरेटर जेमतेम उघडा ठेवून ती धपधप करत पुढे सरकते, सारखं गियर खाली-वर करावं लागत नाही. याचं कारण इंजिनाच्या मापात आहे. क्लासिक ३५० चा बोअर ७२ मिमी आणि स्ट्रोक ८५.८ मिमी आहे. म्हणजे पिस्टन रुंदीने बारीक, पण त्याचा वर-खाली प्रवास लांब. अशी इंजिनं फार वेगाने फिरत नाहीत, पण हळू फिरतानाही जोर लावतात. तिचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २७ न्यूटन मीटर, आणि तो ४,००० आरपीएमलाच (मिनिटाला ४,००० फेऱ्यांना) मिळतो. होंडाच्या हायनेस सीबी३५० मध्ये तर ३० न्यूटन मीटर ३,०००ला मिळतात. ट्रॅफिकमध्ये आपण असतोच त्या आसपास.

दुसरं उत्तर वजनाचं. या वर्गातल्या गाड्या १८० ते १९५ किलोच्या. चालत्या गाडीचं वजन कळतच नाही, पण थांबून थोडी तिरकी झाली की सगळं एका मांडीवर येतं. फटीत घुसायची सवय असेल तर मोडावी लागते. डावीकडून स्कूटरवाल्या काकू निघून जातात आणि आपण बसच्या मागे धूर खात उभे. मला पहिले दोन महिने याचा राग यायचा, नंतर येईनासा झाला. तुळशीबागेत ही गाडी घेऊन जाणं हा मी एकदाच केलेला मूर्खपणा. तिथे मागे-पुढे करून गाडी काढताना एका बांगडीवाल्याने आपणहून येऊन मागचं चाक उचलून दिलं, आणि वर सल्लाही: "साहेब, इकडं लुना आणायची."

संध्याकाळी राजाराम पुलापासून धायरीपर्यंत हाफ क्लचवर काढावं लागलं की डाव्या हाताची बोटं आखडतात. स्लिपर-असिस्ट क्लच असलेल्या गाड्यांमध्ये लिव्हर हलका असतो. रोजचा रस्ता असाच असेल तर तिकडे आधी लक्ष द्या.

३. माझी उंची ५ फूट ३ इंच आहे. पाय टेकतील का?

बहुधा टेकतील. क्लासिकची सीट ८०५ मिमीवर, सीबी३५० ची ८०० वर, ट्रायम्फ स्पीड ४०० आली तेव्हा तिची ७९० वर होती. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय तेवढे कमी पोचतात. दोन्ही चवडे टेकले तरी पुरे.

खरी परीक्षा सोसायटीच्या रॅम्पवर होते. तळघरातल्या पार्किंगमधून गाडी उलटी ढकलत बाहेर काढायची असेल तर उंचीपेक्षा कंबर महत्त्वाची. आमच्याकडे मी गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावतो, आणि वॉचमनकाका त्यावरून रोज हसतात.

४. ॲव्हरेज किती देते?

माझी शहरात ३० ते ३२, सरळ हायवेवर ऐंशीच्या वेगाने ३७ पर्यंत. टाकी भरून, किलोमीटर लिहून, पुन्हा टाकी भरून काढलेले आकडे आहेत. मीटरवर दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. १३ लिटरची टाकी असेल तर पुण्याहून महाबळेश्वरला जाऊन येऊन, वाईत थोडं भटकून, तरी पेट्रोल उरतं.

५. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने इंजिन खराब होतं का?

एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे पाइप, सील वगैरे ई२० सहन करतील असेच आहेत. ॲव्हरेज मात्र थोडं घटतं. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे हिशेब सरळ आहे. इथेनॉल हवेतली ओल धरतं. म्हणून गाडी दोन-तीन महिने पडून राहणार असेल तर आठवड्यातून एकदा तरी नीट फिरवून आणा. अधिक जुनी गाडी असेल तर प्रश्न १५ पाहा.

६. उन्हाळ्यात पाय भाजतो का?

भाजत नाही, शेकतो. हवेवर गार होणाऱ्या इंजिनाला हवा लागते, आणि एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता युनिव्हर्सिटी चौकात हवा कुठली? उजवी पोटरी तापते. पाण्यावर गार होणाऱ्या गाड्यांमध्ये इंजिन आटोक्यात राहतं, पण पंखा सुरू झाला की गरम झोत नडगीवर येतो. म्हणजे दोन्हीकडे शेक आहेच, प्रकार वेगळा. थ्री-फोर्थ घालून चालवणाऱ्यांनी तक्रार करू नये.

७. सिंहगड, ताम्हिणी, वाईचा घाट… घाटात कशी चालते?

या प्रश्नाचं उत्तर लांबणार आहे, कारण गाडी घेतली ती यासाठीच.

सिंहगडाची वाट अरुंद आणि चढ उभा. गोळेवाडीचा नाका ओलांडला की दुसरा गियर टाकायचा आणि वरच्या पार्किंगपर्यंत जवळजवळ तोच ठेवायचा. अगदी आवळलेल्या वळणावर पहिला. लांब स्ट्रोकच्या इंजिनाचं खरं सुख इथे कळतं. वळणात वेग मोडला तरी ते कुरकुरत नाही, ॲक्सिलरेटर दिला की खालूनच ओढतं. हलकी, जास्त आरपीएमवर खुलणारी गाडी तुम्हाला वर लवकर नेईल, हे कबूल. पण तिला सारखं जागं ठेवावं लागतं. ही गाडी झाडं बघू देते.

उतरताना जुना नियम: ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा. जवळजवळ दोनशे किलोची गाडी आणि वर दोन माणसं, एवढं ओझं नुसत्या ब्रेकवर पेललंत तर ब्रेक तापून मऊ पडतात. गाडी न्यूट्रल करून, इंजिन बंद करून उतरणारे महाभाग अजूनही दिसतात. दहा रुपयांचं पेट्रोल वाचवतात बिचारे.

वळणं घेण्याचा स्वभाव चाकाच्या आकारावर ठरतो. क्लासिकचं पुढचं चाक १९ इंची, मागचं १८. मोठं चाक खड्डा सहज ओलांडतं आणि सरळ रस्त्यावर गाडी रुळावरून चालल्यासारखी स्थिर राहते, पण वळवायला थोडं आधीपासून सांगावं लागतं. स्पीड ४०० ची दोन्ही चाकं १७ इंची आहेत. मित्राची घेऊन वाईजवळचा पसरणीचा घाट चढलो तेव्हा मान वळवली की गाडी वळलेली. माझ्या गाडीवर त्याच घाटात उत्साह दाखवला तर फुटरेस्ट रस्त्याला घासतं. तो खर्रकन येणारा आवाज म्हणजे 'बास' असं समजायचं.

पावसाळ्यातल्या ताम्हिणीबद्दल वेगळं सांगतो. मुळशी सोडल्यावर कडेच्या डांबरावर शेवाळ धरतं, धुक्यात वीस फुटांपलीकडचं दिसत नाही, आणि धबधबा दिसला की लोक वळणावरच गाड्या लावतात. एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गाडी सरळ असताना चाक लॉक होऊ न देणं हे त्याचं काम. तिरक्या गाडीवर शेवाळात कचकन ब्रेक दाबलात तर ते तरी काय करणार? ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असतानाच मारा. पावसाळ्यात सिंहगडावर दरड पडली तर रस्ता बंद करतात, निघण्याआधी विचारून घ्या.

८. मुंबईला नेता येईल का? हायवेवर किती पळते?

एक्स्प्रेसवेने नाही, तिथे दुचाकीला बंदी आहे. जुन्या रस्त्याने तळेगाव, लोणावळा, खंडाळा, खोपोली, पनवेल करत जायचं.

वेगाचं म्हणाल तर साडेतीनशेची वीस-एकवीस अश्वशक्ती. ऐंशी ते नव्वद हा तिचा मुलूख. तिथे दिवसभर चालवा, उतरल्यावर अंग ठणकत नाही. शंभरच्या पुढे माझ्या गाडीच्या फुटरेस्टमध्ये झिणझिण्या येतात आणि ट्रक ओलांडायला आधीपासून मनाची तयारी लागते. शिवाय ताठ बसून चालवायची गाडी, पुढे काच नाही, सगळा वारा छातीवर. साताऱ्याच्या वाटेवर खंबाटकी चढताना मागून गाड्या दिवे मारतात तेव्हा डावीकडे राहा आणि वाईट वाटून घेऊ नका. ज्यांना वाईट वाटतं त्यांनी प्रश्न १० वाचावा.

९. मागे बसणाऱ्याचं काय? आई बसेल का?

सीट दोन तुकड्यांत असेल तर मागचा तुकडा आधी बसून बघा. दिसायला देखणा आणि बसायला पाट, असा प्रकार असतो. आमच्याकडे बायको पहिल्यांदा भोरपर्यंत आली आणि परतताना म्हणाली, "मी पीएमपीने येते." त्यानंतर सीट बदलली.

आईसाठी मागे धरायला दांडा आणि साडी गार्ड दोन्ही हवेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतही ते आहेच, पण दिसायला बरं नाही म्हणून लोक साडी गार्ड काढून टाकतात. काढू नका. आई एका बाजूला पाय सोडून बसणार असेल तर गाडी सगळं वजन डावीकडे ओढते, आणि मागची दोन शॉकॲब्सॉर्बर मऊ ठेवलेली असली तर गतिरोधकावर खाली टेकते. शॉकॲब्सॉर्बरचा ताण वाढवायची सोय बहुतेक गाड्यांत असते, ती वापरा. हेल्मेट मागच्यालाही सक्तीचं आहे. हेल्मेटविषयी अजून एकानेही काही विचारलेलं नाही. हेल्मेटविरोधी मोर्चे निघालेलं शहर आहे हे, आश्चर्य वाटलं नाही.

१०. ३५० घेऊ की ४००?

दोन्ही गाड्या गोल दिव्याच्या, पण स्वभावाने पूर्ण वेगळ्या. स्पीड ४०० चं इंजिन ३९८ सीसीचं, ८९ मिमी बोअर आणि ६४ मिमी स्ट्रोकचं. म्हणजे प्रश्न २ मध्ये सांगितलेल्याच्या बरोबर उलट. ४० पीएस (साधारण तेवढीच अश्वशक्ती) ताकद ८,००० आरपीएमला, ३७.५ न्यूटन मीटर ६,५०० ला, सहा गियर, पाण्याचं कूलिंग, मागचं चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल. दर आठवड्याला कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठायची असेल तर ४००. घर ते ऑफिस आणि रविवारी घाट, असं असेल तर ३५०. रूप आवडलं म्हणून ३५० घेऊन नंतर पळत नाही म्हणून कुढणारे मी तीन बघितलेत. एकाने सहा महिन्यांत विकली.

पैशांचं गणित २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललं. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. त्यामुळे एक सीसी इकडे-तिकडे हाही आता किमतीचा मुद्दा आहे.

आणि हो, स्पीड ४०० चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते हे खरं. म्हणून पुण्यात स्वस्त मिळते का? नाही. चितळ्यांची बाकरवडी पुण्यात बनते म्हणून बाजीराव रोडवर कमी भावात मिळते का?

११. किक नाही म्हणे! बॅटरी उतरली तर?

बहुतेक नव्या रेट्रो गाड्यांना किक नाही, क्लासिकलाही २०२१ पासून नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला पेट्रोलचा पंप चालवायलाच वीज लागते, त्यामुळे बॅटरी पार मेली असेल तर ढकलूनही उपयोग नाही. थोडा जीव असेल तर दुसऱ्या गियरमध्ये टाकून उतारावर ढकलली की सुरू होते. लक्षण सोपं आहे: सकाळी स्टार्टर मारल्यावर नुसता टकटक आवाज आला की त्याच दिवशी बॅटरी दाखवा. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल आणि त्यावर मोबाइल चार्जर, जीपीएस वगैरे कायमचं जोडलेलं असेल तर ते आधी तपासा.

१२. तारांची चाकं घेऊ की अलॉय?

फोटोसाठी तारांची, पंक्चरसाठी अलॉय. तारांच्या चाकांत बहुतेक वेळा ट्यूब असते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते, दहा-वीस किलोमीटर सरकता येतं, आणि रस्त्याच्या कडेला चाक न काढता चिकटपट्टी भरता येते. ट्यूब गेली की गेली, गाडी जागच्या जागी बसते.

माझी तारांची. माणगावच्या अलीकडे मागचं चाक बसलं, रविवार, दुपारचे तीन. पंक्चरवाला भेटला, पण एवढं जड चाक काढायला त्याच्याकडे मोठा पाना नव्हता. तो शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून आणेपर्यंत पावणेदोन तास गेले. तेव्हापासून सीटखाली जादा ट्यूब आणि ॲक्सलच्या मापाचा पाना असतो. तरीही पुढची गाडी तारांचीच घेईन बहुतेक. हे तर्कात बसत नाही, मला माहीत आहे.

१३. सायलेन्सर बदलून घेऊ का? आवाज फारच सौम्य आहे.

नको. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. पुणे पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. दंड बाजूला ठेवला तरी, सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो आणि त्याच्या हिशेबाने पेट्रोल फवारलं जातं. पाइप बदलला की तो हिशेब बिघडतो, गाडी गचके खाते. आणि सकाळी सहाला निघताना खालच्या मजल्यावरचे आजोबा खिडकीत येऊन उभे राहतात, ते वेगळंच.

१४. पावसाळ्यात काय काळजी घ्यायची? क्रोम गंजतं का?

गंजतं, दुर्लक्ष केलं तर. धातूचे भाग जास्त म्हणजे गंजायला जागा जास्त, प्लास्टिकच्या गाडीला हा प्रश्न नाही. जूनच्या आधी क्रोमवर वॅक्सचा हात फिरवा. तारांच्या चाकांत जिथे तार रिमला मिळते तिथे चिखल साठतो, जुना टूथब्रश घेऊन बसा. चेन दर पाचशे किलोमीटरला साफ करून वंगण द्या, पावसात त्याहूनही लवकर.

सर्व्हिसिंगबद्दल एकच सांगतो. एका केंद्रात गाडी धुऊन दिली आणि चेनला हात लावला नव्हता, बिलात मात्र होतं. आता मी गाडी द्यायच्या आधी चेनवर खडूने एक खूण करतो.

१५. वडिलांची जुनी जावा आहे. ती काढून ही घेऊ का?

घेताय तर घ्या, ती मात्र काढू नका. या दोन गाड्या एकमेकींची जागा घेत नाहीत. म्हैसूरला बनलेली ती जावा टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून भरायची, आणि किकचाच दांडा खाली पाडून त्याचा गियर करायची. ती युक्ती आजच्या एकाही गाडीत नाही. नव्या जावा २०१८ मध्ये आल्या, पण त्या फोर-स्ट्रोक. नाव तेच, आवाज वेगळा. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, मग दर ५ वर्षांनी. पर्यावरण कर भरा आणि ठेवा. टाकीत पेट्रोल भरून वर्षभर झाकून ठेवू नका, प्रश्न ५ मधली ओल इथे जास्तच त्रास देते.

वडिलांना नवी गाडी चालवायला देताना मात्र सावध. जुन्या बुलेटवर ज्यांनी उमेदीची वर्षं काढली त्यांचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. आमच्या बाबांनी सोसायटीच्या आवारात नवी गाडी फिरवायला घेतली आणि पहिल्या वळणावर ब्रेक म्हणून गियर दाबला. तुळशीवृंदावन वाचलं.

१६. मुलाची पहिली गाडी म्हणून कशी?

१२५ची घेऊन द्या. वर्षभराने त्याने स्वतःहून हीच मागितली तर बघू.

१७. टेस्ट राइडला नेमकं काय बघायचं?

शोरूमचा माणूस चौकापर्यंत नेऊन यू टर्न मारायला सांगतो. त्याला गोड बोलून तुमच्या रोजच्या रस्त्यावर घ्या. गाडी बंद करून दहा पावलं मागे ढकला. पूर्ण हँडल वळवून अरुंद गल्लीत फिरवा. तिसऱ्या गियरमध्ये वीसच्या वेगाने चालवून ॲक्सिलरेटर द्या, गचके येतात का बघा. साईड स्टँडवरून उचलताना कंबरेला काय वाटतं ते लक्षात ठेवा. आणि मागे जो रोज बसणार आहे त्याला सोबत न्या, दहा मिनिटं बसवा. आमच्याकडे ही सगळी परीक्षा बायकोने माझ्यापेक्षा बारकाईने घेतली. मला काळी हवी होती. गाडी हिरवी आहे.